कोर्ट उठेपर्यंत

ती बाई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मी ओसरीवर बसून मुलीच्या अंगाला तेल लावत होते. दिवाळी होऊन गेली होती, शहाद्याच्या सकाळी गार होऊ लागल्या होत्या, आणि उन्हाची तिरीप धरून बसणं हाच माझा आणि मुलीचा मोठा कार्यक्रम असे. बाई फाटकाशी उभी राहिली. कोण पाहिजे म्हणून मी विचारलं. तिने आधी कचेरीच्या दिशेला हात केला, मग दारावरच्या वकिलीच्या पाटीकडे, आणि तिथेच उकिडवी बसली. भिल्लाची बाई होती. पन्नाशीच्या आसपासची, काटक, पायांत जड कडी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची. आम्ही नाशिककडचे. खानदेशात वकील कमी आणि भांडणं पुष्कळ, असं कुणीतरी ह्यांना सांगितलं म्हणून ह्यांनी शहाद्याला बिऱ्हाड केलं. भांडणं होती खरी, पण ती सगळी मोठ्या आवाजाच्या वकिलांकडे जात. आमचे हे हळू बोलणारे. कोर्टात आवाज चढवता येत नाही म्हणून बाररूममध्ये त्यांची थट्टा व्हायची. घरी मात्र केस जवळ आली की न्हाणीघरात तांब्या हातात घेऊन ते मॅजिस्ट्रेटपुढे असे काही बोलत की शेजारी कान देत. मी बाहेरून म्हणायची, "युवर ऑनर, पाणी निवलं."

ह्यांनी त्या बाईला ओसरीवर बोलावून विचारपूस केली. अहिराणी मला तेव्हा निम्मीच कळायची, आणि तिची अहिराणीही उसनीच होती; घरी ती मंडळी भिलीत बोलत. तरी हकीकत समजली. तिचा नवरा तापीकाठच्या प्रकाशा या क्षेत्राजवळच्या एका गावात पाटलांच्या शेतावर राखणदार होता. पाटील दसऱ्याच्या सुमारास अचानक वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी फौजदारांनी राखणदाराच्या झोपडीची झडती घेतली आणि छपराखाली घोंगडीत गुंडाळून ठेवलेली पाटलांची बंदूक काढली. जुनी ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून ज्वारी राखायला परवान्यावर मिळालेली. परवाना एकट्या पाटलांच्या नावावर. ती चोरीला गेल्याची वर्दी पाटलांच्या धाकट्या भावाने दिली होती.

राखणदाराजवळ परवाना नव्हता आणि त्याला तो कधी मिळालाही नसता. तरुणपणी तो धुळ्याच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगून आला होता. छपन्न्याच्या, म्हणजे संवत १९५६ च्या दुष्काळात त्याच्या पाड्यावरच्या माणसांनी एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या गाड्या अडवल्या, त्यांत हाही होता. त्याला आता पस्तीसेक वर्षं होऊन गेली होती. पण एकदा तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाच्या झोपडीत बंदूक सापडली म्हटल्यावर पुढे काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून त्याला शहाद्यालाच कोठडीत ठेवलं होतं.

ह्यांनी वकीलपत्र घेतलं. बाई परत गेलीच नाही. आमच्या परसात पेरूच्या झाडाखाली तिने तीन दगड मांडले, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी ती भाकरी थापून कोठडीवर नेऊन द्यायची. परत आली की स्वस्थ बसणं तिला माहीत नव्हतं. अंगण झाडायची, विहिरीचं पाणी शेंदायची. मी घरात ये म्हटलं तर यायची नाही. तिलाही आणि आमच्या शेजारणींनाही ते पसंत नव्हतं. मग मीच जातं परसात हलवून घेतलं आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून दळू लागलो. मुलगी तिच्या मांडीवर झोपायची. माझ्या मांडीवर ती कधी इतकी गाढ झोपली नाही.

इकडे ह्यांची पंचाईत झाली होती. राखणदार बोलतच नव्हता. हे कोठडीवर जाऊन विचारत, बंदूक तुझ्याकडे कशी आली? तो म्हणे, बंदूक माझ्या झोपडीत होती हे खरं आहे. कुणी ठेवली? मीच ठेवली. का ठेवली? यावर तो गजांच्या पलीकडे जमिनीकडे बघत राही. बाररूममधल्या एका जाणत्या वकिलांनी सल्ला दिला की झोपडी पाटलांच्या शेतात आहे, पाटलांची आहे, छपरात काय आहे ते राखणदाराला ठाऊक नाही असं सांगून मोकळं व्हावं. ताबा शाबीत करताना पोलिसांच्या नाकी नऊ येतील. सल्ला चांगला होता. हे तो घेऊन कोठडीवर गेले. राखणदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं की घोंगडी माझी आहे, सगळं गाव ती ओळखतं, मी खोटं कसं बोलू.

त्या दिवशी हे जेवताना म्हणाले, "असा अशील मिळायला भाग्य लागतं. नको असलेलं भाग्य."

उलगडा झाला तो जात्यावर. दळता दळता मी बाईला सहज म्हटलं, तुझा नवरा वकिलांना काही सांगत नाही, मग त्यांनी कोर्टात सांगायचं काय? तिने खुंटा सोडला. जात्याभोवतीचं पीठ गोळा करत थोडं थोडं करून सगळं सांगितलं. बंदूक पाटलीणबाईंनी दिली होती. पाटील गेल्यावर ती घरात खुंटीला लटकत होती, आणि दिराचा मुलगा एकदा ती खाली काढून खेळताना दिसला. पाटलीणबाई घाबरल्या. दिराला म्हणाल्या, ही सरकारात जमा करा. दीर म्हणाले, दिवसकार्य होऊ द्या, मग बघू. तेव्हा त्यांनी राखणदाराला बोलावून घेतलं. तो वर्षानुवर्षं पाटलांच्या बरोबर रानात फिरलेला. त्याच्या हातात बंदूक देऊन त्या म्हणाल्या, शहाद्याच्या ठाण्यात नेऊन दे.

तो निघाला. घोंगडीत बंदूक गुंडाळून शहाद्यापर्यंत चालत आला. ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसला. आणि दिवस कलेपर्यंत तिथेच बसून राहिला. समोर दार, दारात शिपाई, आणि आपल्या मांडीवर बंदूक. आत जाऊन काय म्हणायचं? एकदा त्याच दारातून हातकड्या घालून त्याला धुळ्याला नेलं होतं. शेवटी तो उठला आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा बसला, पुन्हा परत गेला. तिसऱ्यांदा निघायच्या आधीच फौजदार झोपडीवर आले.

मी हातातलं टाकून ह्यांना बोलावून आणलं. हे परसात उभे राहून बाईच्या तोंडून सगळं पुन्हा ऐकत होते आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की कायद्याची पानं आत उलटली जात आहेत. हत्यारांच्या कायद्यात एक कलम होतं. परवानेदार वारला, की परवाना संपला. घरात राहिलेलं हत्यार विनाकारण उशीर न लावता जवळच्या ठाण्यात जमा करायचं. पाटलीणबाईंनी नेमकं तेच केलं होतं. राखणदार बंदूक बाळगत नव्हता, पोचवत होता. अडचण एकच, पोचवता पोचवता मध्ये उशीर झाला होता.

हे पुन्हा कोठडीवर गेले. राखणदाराने सगळं कबूल केलं, पण दोन गोष्टींना तो तयार नव्हता. मालकिणीला कोर्टात ओढायचं नाही, ही एक. दुसरी अशी की त्याच्या तुरुंगाचं नाव मालकिणीसमोर निघता कामा नये. पाटलांना माहीत होतं, त्यांनी माहीत असून कामावर ठेवलं होतं. मालकिणीला माहीत नव्हतं. ती आपल्याला भला माणूस समजते, तिने तसंच समजावं. त्यापेक्षा शिक्षा पत्करली.

"मी गयथू, साहेब," तो म्हणाला. "पण मजार जावानी हिंमत व्हयनी नई." ठाण्यापर्यंत गेलो, आत जायची हिंमत झाली नाही, असा त्याचा अर्थ ह्यांनी मला घरी येऊन सांगितला.

आता पाटलीणबाईंना भेटणं भाग होतं. पण नुकतं वैधव्य आलेलं, घराबाहेर पाऊल नाही, आणि दीर दारात. वकिलाला आत कोण घेणार? मी म्हटलं, मी जाते. दुःखाच्या घरी भेटायला बायका जातातच, त्यांना कुणी अडवत नाही. ह्यांना ते पटलं. मग म्हणाले, "जा, पण एक गोष्ट तिच्यापासून लपवायची नाही. बिनपरवान्याच्या माणसाच्या हातात बंदूक का दिली, असं कोर्ट तिलाही विचारू शकतं. ते आधी सांग, मग बाकीचं."

मुलीला बाईच्या मांडीवर ठेवून मी बैलगाडीने निघाले. शेजारच्या एक वयस्क बाई सोबत आल्या होत्या. त्यांना प्रकाशाला देवदर्शन करायचं होतं. तापीच्या काठी त्यांना देवळाशी उतरवलं आणि मी गाडीवानाला पाटलांच्या गावाकडे वळायला सांगितलं. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आली होती. एका शेतात मध्येच कणसं आडवी झोपलेली दिसली. गाडीवान म्हणाला, डुकरं शिरली, राखणदार नाही ना आता.

पाटलीणबाई माजघरात कोपऱ्यात बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. मूलबाळ नव्हतं. कपाळ मोकळं झालं होतं त्याची सवय अजून त्यांच्या हाताला झाली नव्हती. मधूनच हात कपाळाकडे जाई आणि परत येई. मी शेजारी बसले. आधी जे बोलायचं असतं ते बोलले. जाऊबाई पाणी ठेवून आत गेल्या, तेव्हा मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. आणि ह्यांनी बजावलं होतं ते सगळ्यात आधी सांगितलं.

त्यांनी मान वर केली. राखणदाराला पकडल्याचं त्यांना फार उशिरा कळलं होतं, तेही गड्यांच्या बोलण्यातून. त्यांनी लगेच दिराला सांगितलं होतं की बंदूक मी दिली. दीर हादरले. त्यांनी चोरी समजून वर्दी दिली होती, मुद्दाम खोटी नव्हे. पण आता वर्दी फिरवायची, घरच्या विधवेचं नाव कचेरीत न्यायचं, हे त्यांच्याने होईना. वहिनी, तुम्ही गप्प राहा, एवढंच ते म्हणत राहिले.

"तो काय सांगस मन्हाबद्दल?" त्यांनी मला विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्याने तुमचं नाव घेतलेलं नाही. त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. त्याला तुमचं नाव कोर्टात यायला नको आहे.

मग मी चाचरत म्हटलं, अजून एक गोष्ट आहे, पण ती त्याला तुमच्यापुढे निघायला नको आहे, म्हणून मी बोलत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं, अगदी पुसट. म्हणाल्या, धुळ्याच्या तुरुंगाची ना? माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी मालकांनी मला सांगितलं होतं. म्हणाले होते, त्याला कळू देऊ नकोस तुला माहीत आहे म्हणून, तो मान खाली घालून वावरेल. तेव्हापासून मी कळू दिलं नाही.

इतकी वर्षं एका माणसाने आपली लाज एका बाईपासून जपली होती, आणि त्या बाईने आपल्याला ती ठाऊक असल्याचं त्याच्यापासून जपलं होतं. दोघंही रोज एकाच अंगणात वावरत होती.

मी उठताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तारीख कळवा.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे खूश होतील असं मला वाटलं होतं, पण ते येरझारा घालू लागले. त्यांचं म्हणणं असं, की आरोपीची जुनी शिक्षा गुन्हा शाबीत होण्याआधी मॅजिस्ट्रेटपुढे आणायची नाही असा कायदा आहे. सरकारी बाजू ती काढू शकत नव्हती. मॅजिस्ट्रेट नवे बदलून आलेले, त्यांना काही माहीत नव्हतं. कुठलाही शहाणा वकील त्या झाकणावर वजन ठेवून बसला असता. पण तुरुंगाची गोष्ट झाकली, तर लिंबाखाली बसून राहण्याचा अर्थ लागत नव्हता. साधा माणूस ठाण्यात का जाणार नाही? ज्याच्या मनात पाप आहे तोच जाणार नाही, असंच कुणीही म्हणेल. आणि झाकण काढलं, तर मॅजिस्ट्रेटच्या डोळ्यापुढे लुटारू उभा राहणार.

"काय करू?" ह्यांनी मला विचारलं. ह्यांनी कामातलं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मला कायदा कळत नाही. पण मला ती गोष्ट जात्यावर कळली तेव्हा तुरुंगाचं ऐकूनच तो माणूस समजला. त्याआधी मलाही तो चोरच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कोठडीवर जाऊन राखणदाराला सांगितलं की मालकिणीला सगळं पहिल्यापासून माहीत आहे. मग त्याने विचारलं, पाटलांनी सांगितलं? हे हो म्हणाले. तो म्हणाला, मग बोला साहेब, काय बोलायचं ते.

तारखेच्या दिवशी मुलीला शेजारणीकडे ठेवून मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात गेले, पाटलीणबाईंच्या सोबतीला. त्यांची गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा मी बघतच राहिले. बैल हाकायला गडी नव्हता, स्वतः दीर बसले होते. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, खाली उतरले नाहीत. वहिनींचं जाणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. पण वहिनींना परक्याच्या गाडीत पाठवणं त्याहून नापसंत असावं. आम्ही तिघी गाडीत बसलो. तिसरी राखणदाराची बायको. पाटलीणबाईंनी तिला हाताला धरून वर घेतलं.

कोर्ट म्हणजे कौलारू लांब खोली. आम्हाला भिंतीशी बाक दिलं. राखणदाराला आणलं, तेव्हा त्याला मी पहिल्यांदा पाहिलं. मी मनात मोठा दांडगा माणूस धरला होता. हा तर वाळक्या अंगाचा, पांढऱ्या मिशांचा, एका कानात बाळी घातलेला म्हातारा. पाटलीणबाईंना बघून त्याने दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. त्यांनी पदराआडून नुसती मान हलवली.

आधी ठाण्यातल्या शिपायाची साक्ष झाली. झडतीत तो हजर होता. बंदूक कुठे होती, कशी काढली, ते त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. मग हे उठले. नेहमीच्या हळू आवाजात त्यांनी विचारलं की झडतीच्या आधी या माणसाला तुम्ही कधी पाहिलं होतं का? शिपाई थांबला. त्याने राखणदाराकडे नीट पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर तो क्षण पुरेसा होता. पण तो म्हणाला, हो साहेब, दोन दिवस ठाण्यासमोर लिंबाखाली बसला होता, दिवसभर. मांडीवर घोंगडी. मी एकदा त्याला हटकलं, इथे काय बसलास म्हणून. तो उठून निघून गेला.

सरकारी वकील म्हणाले, म्हणजे साहेब, पोलिसाला बघून पळाला.

मग पाटलीणबाईंना बोलावलं. त्या पदर नीट ओढून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मॅजिस्ट्रेट वयस्क होते, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी खुर्ची द्यायला सांगितली. बाई बसल्या नाहीत. बंदूक कुणी चोरली, असं मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"कोणी चोरी नई, साहेब," त्या म्हणाल्या. "मी दिन्ही त्याले, मन्हा हातघाई. मालक गयात, मंग बंदूक घरमा कसाले?" आपल्या हाताने दिली, हे सांगताना त्यांनी पदरातून उजवा हात पुढे केला.

सरकारी वकिलांनी उलटतपासणीत विचारलं की या माणसाला बंदूक देताना तो कोण आहे हे तुम्हाला माहीत होतं का? कायद्याच्या भिंतीला हात न लावता त्यांनी नेमकं बोट तिथेच नेलं होतं. हे हरकत घेतील असं मला वाटलं. ह्यांनी घेतली नाही. ते उभे राहून म्हणाले, साहेब, बाईंनी उत्तर द्यावं, आमची हरकत नाही.

बाई म्हणाल्या की माहीत होतं, लग्न झाल्यापासून माहीत होतं. तो भुकेपायी तुरुंगात गेला. आमच्याकडे इतकी वर्षं राहिला, शेतातलं एक कणीस न विचारता मोडलं नाही. घरातल्या कुणाच्या हाती बंदूक देण्यापेक्षा त्याच्या हाती देणं मला बरं वाटलं.

पाठीमागच्या दारात दीर उभे होते. ते बाहेर निघून गेले.

ह्यांचं भाषण मला पूर्ण आठवत नाही. न्हाणीघरातल्यासारखं ते नव्हतंच. एवढं आठवतं की त्यांनी आवाज चढवला नाही आणि तरी सगळे ऐकत होते. ते म्हणाले की कायदा विनाकारण उशिराला गुन्हा मानतो. हा उशीर विनाकारण नाही. ज्या माणसाने एकदा तुरुंग पाहिला, त्याला मांडीवर बंदूक घेऊन ठाण्याच्या दारात जायला किती बळ लागतं, याचा कोर्टाने विचार करावा. त्याची जुनी शिक्षा मी लपवत नाही, कारण तीच या उशिराचं कारण आहे. पळायचं असतं तर मागे डोंगर होता. हा माणूस दोनदा चालत ठाण्याकडे आला, डोंगराकडे गेला नाही.

मॅजिस्ट्रेटांनी जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल दिला. त्यांनी तो आधी इंग्रजीत वाचला आणि मग आमच्याकडे बघून मराठीत सांगितला. बंदूक जमा करण्यासाठीच आरोपीकडे दिली होती यावर कोर्टाचा विश्वास बसला आहे. बाईंवर काही दोष येत नाही. पण पोलिसांची भीती हे उशिराचं कारण म्हणून कायद्यात बसत नाही. ते बसवलं तर उद्या प्रत्येक जण तेच सांगेल. म्हणून आरोपी दोषी. शिक्षा, आज कोर्ट उठेपर्यंत कैद.

दोषी हा शब्द राखणदाराच्या बायकोला कळला. तिने माझा दंड धरला. पुढचं तिला समजावून सांगेपर्यंत माझ्या दंडावर तिची बोटं उमटली होती. राखणदारालाही काही उमजलं नव्हतं. पट्टेवाल्याने त्याला कोपऱ्यात बसायला सांगितलं आणि तो बसला. पुढे दोन किरकोळ अर्ज झाले, कुणाच्या तरी बांधाचा वाद झाला. तो गुडघ्यांभोवती हात बांधून ऐकत होता. दिवस उतरला, मॅजिस्ट्रेट उठले, सगळे उठले. तो उठला नाही. आता आपल्याला कोठडीवर नेतील म्हणून तो वाट बघत होता. हे त्याच्याजवळ गेले, हात देऊन त्याला उभं केलं आणि दाराकडे वळवलं. दारात त्याची बायको होती. तिने आधी त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. मग दोघं एकमेकांशी भिलीत काही बोलली, ते मला कळलं नाही.

बाहेर दीर गाडी जुंपून उभे होते. त्यांनी राखणदाराला पाहिलं आणि इकडेतिकडे बघत म्हटलं, बस गाडीत. राखणदार म्हणाला, मी चालतो, बैल थकतील. दीर चिडले. मग पाटलीणबाईंनी फक्त त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मुकाट्याने मागे चढून बसला, पाय बाहेर सोडून. बायको परसातली आपली भांडी घ्यायला आमच्याकडे आली, आणि ती निघाली तेव्हा आमच्या मुलीने असा काही आकांत मांडला की मला वाटलं हिला परत बोलवावं.

ह्यांचं मात्र समाधान झालं नव्हतं. संध्याकाळी समोर ठेवलेला चहा त्यांनी तसाच निवू दिला. म्हणाले, सुटायला हवा होता. आता त्याच्या नावावर दोन शिक्षा झाल्या. झाकण काढलं नसतं तर कदाचित ताब्याच्या मुद्द्यावर साफ सुटला असता. मी म्हटलं, तुम्ही निर्दोष सोडवायच्या गोष्टी करता, त्याला घरी जायचं होतं, तो गेला.

पुढच्या तारखेला हे त्याला कोर्टाच्या आवारात भेटले, बंदूक सरकारजमा झाल्याच्या कागदावर अंगठा द्यायला आला होता तेव्हा. ह्यांनी त्याची जवळजवळ माफीच मागितली. तो म्हणाला, मागच्या वेळी धुळ्याहून घरी यायला वर्षं लागली, या वेळी गाडीत बसून आलो.

त्या घराशी आमचं जाणंयेणं सुरू झालं. मी वर्षातून दोनदा तरी पाटलीणबाईंकडे राहायला जायची. वर्षाच्या आत दीरच एक दिवस ह्यांच्याकडे आले, मान खाली घालून. डुकरांनी भुईमूग उकरला होता. नवा परवाना हवा होता, आपल्या नावावर. आणि परवान्यात राखणदाराचं नाव बंदूक नेणारा म्हणून घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणतात म्हणून विचारतो, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. ह्यांना इतका आनंद झाला की कलेक्टर कधी मंजूर करणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी अर्जाचा मसुदा करायला घेतला.

मसुदा झाल्यावर ते तो घेऊन मुद्दाम शेतावर गेले, मीही होते. ज्वारी कापून झाली होती. राखणदार राखणीच्या माचाखाली बसून दोरी वळत होता. ह्यांनी अर्ज वाचून दाखवला. त्याने तो नीट ऐकला, आपलं नाव आलं तिथे मान डोलावली, आणि मग कमरेची गोफण काढून ह्यांना दाखवली.

"मन्ही हाईच बरी, साहेब," तो म्हणाला. "इले परवाना नई लागस."

दीर बांधावर उभे होते. त्यांना हसू आवरलं नाही. ह्यांनी अर्ज घडी करून खिशात घातला, आणि राखणदाराच्या बायकोने आम्हाला बसायला घोंगडी पसरली.